हेडचे बोल्ट बदलावेत की स्टड टाकावेत?

आजचा भाग निशातगंजमधून. लखनौला कधी आला असाल तर गोमतीच्या पलीकडचा हा भाग तुम्ही पाहिला असेल. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं पुढे. अशाच एका गल्लीतल्या छोट्या गॅरेजमध्ये मी उभा आहे आणि समोर एका डिझेल गाडीचं हेड उतरवून ठेवलेलं आहे. व्हिडिओत मी जे बोल्ट हातात धरून दाखवले होते, ते पुस्तकात दाखवता येणार नाहीत. म्हणून इथे जरा सावकाश, आकडे मांडून सांगतो.

गाडी आहे अप्पांची. अप्पा मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे, धंदा गलाईचा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या या कामासाठी त्या दुष्काळी भागातली माणसं देशभर पसरली, तसेच अप्पा लखनौला आले आणि राहिले. दरवर्षी उन्हाळ्यात ते कुटुंबाला घेऊन स्वतःच्या गाडीने गावी जातात. सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता. सोबत ऐंशीच्या पुढची आई असते.

गेल्या सात महिन्यांत त्यांच्या गाडीचं हेड गॅस्केट दोनदा गेलं. पहिल्यांदा हायवेवर, रात्री. दुसऱ्यांदा शहरात, भर दुपारी. दोन्ही वेळा हेड उतरवलं, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट आवळले, गाडी सुरू. तिसऱ्यांदा पाण्याच्या टाकीत बुडबुडे दिसायला लागले तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, "कंपनीचे बोल्ट कमजोर आहेत. रेसिंगचे स्टड मागवा, आयुष्यभराची चिंता मिटेल." स्टडच्या संचाची किंमत ऐकून अप्पांनी मला फोन केला. म्हणाले, "सर, पैसे जाऊ देत. पण आईला घेऊन मे महिन्यात निघायचंय. स्टड टाकले तर गाडी पोचवेल का, एवढंच सांगा."

मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत शेकडो वेळा आला आहे. उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते वाक्य कळायला आधी हेडचा बोल्ट नेमकं काय काम करतो ते बघावं लागेल.

बोल्ट हेडला धरून ठेवतो म्हणजे काय करतो?

चार सिलिंडरचं, टर्बोचं, आजच्या काळातलं डिझेल इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर धरू. म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. इंधन पेटतं तेव्हा आतला दाब १५० बारच्या आसपास जाऊ शकतो. हिशोब करा. हेडला वर ढकलणारा जोर येतो साधारण साडेसात टन. इंजिन ३००० फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. तासाभरात नव्वद हजार वेळा.

या धक्क्यापुढे हेड आणि ब्लॉक यांच्यात केसभरही फट पडता कामा नये. गॅस्केटला एका बाजूला पेटलेला वायू अडवायचा असतो, दुसऱ्या बाजूला कूलंट, तिसरीकडे ऑइल. हे सगळं तेव्हाच जमतं, जेव्हा हेड ब्लॉकवर आधीपासून त्याहून कितीतरी जास्त जोराने दाबून ठेवलेलं असतं. सिलिंडरभोवतीच्या चार बोल्टांपैकी प्रत्येकाने पाच टनांच्या आसपास ओढ दिली, तर चार बोल्टांची मिळून वीस टन होते. मधले बोल्ट दोन शेजारी सिलिंडरांत वाटून जातात. तरीही साडेसात टनांच्या धक्क्यासमोर पुरेशी शिल्लक उरते.

इथे पहिली गोष्ट मनात पक्की करा. बोल्टचं काम तुटू न देण्याचं नाही, दाबून ठेवण्याचं आहे. हेड गॅस्केट गेलेल्या बहुतेक इंजिनांत बोल्ट तुटलेला नसतोच. तो साबूत असतो, जागेवर असतो, फक्त त्याची ओढ कमी झालेली असते.

दुसरी गोष्ट याच्या उलटी वाटते, पण खरी आहे. नीट आवळलेल्या बोल्टला प्रत्येक धक्क्याचा फारच थोडा वाटा सोसावा लागतो, कारण बहुतेक धक्का दाबून धरलेल्या हेड-ब्लॉकच्या जोडातच जिरतो. सैल बोल्टला मात्र प्रत्येक धक्का पूर्ण बसतो. म्हणून थकून तुटतो तो सैल राहिलेला बोल्ट. "जास्त आवळला म्हणून तुटला" हे आपण ऐकतो. "कमी आवळला म्हणून तुटला" हे कुणी सांगत नाही, पण ते वारंवार घडतं.

बोल्ट म्हणजे ताणलेली तार

गोमतीच्या अलीकडे, कैसरबागेत, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये सुरू केलेलं संगीताचं विद्यालय आहे. लखनौ आणि मराठी माणूस म्हटलं की मला पहिलं तेच आठवतं, आणि बोल्ट समजवायला मी तंबोराच वापरतो.

तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते. सूर ठरतो तारेतल्या ताणावर. खुंटी हाताला किती जड लागली यावर सूर ठरत नाही. खुंटी भोकात अडकत असेल तर हाताला खूप जोर लागतो आणि तार मात्र उतरलेलीच राहते. हेडच्या बोल्टचं अगदी तसंच आहे. आपण पाना लावून डोकं फिरवतो, ती खुंटी. बोल्टची दांडी ही तार. दांडी खरोखर लांब होते आणि पुन्हा आखडायला बघते. त्या आखडण्याच्या ओढीनेच हेड दाबलं जातं.

किती लांब होते? एम-१२ चा, शंभर मिलिमीटर मोकळ्या लांबीचा बोल्ट पाच टनांच्या ओढीने साधारण पाव मिलिमीटर ताणला जातो. वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवा, तेवढंच. सगळा खेळ या पाव मिलिमीटरचा आहे.

आता बघा. गॅस्केट दबून ०.०५ मिलिमीटर बसलं, किंवा बोल्टच्या डोक्याखालचा गंज चिरडून तेवढी जागा मोकळी झाली, तर ताणापैकी पाचवा भाग गेला. हाच बोल्ट तीस मिलिमीटर लांबीचा असता तर त्याच ०.०५ मिलिमीटरने अर्ध्याहून जास्त ताण गेला असता. हेडचे बोल्ट लांब का असतात याचं एक मोठं कारण हे. लांब तार थोडी उतरली तरी सूर फार बिघडत नाही.

नवी तार चढवली की ती बसेपर्यंत पुन्हा पुन्हा लावावी लागते. जुन्या पद्धतीची जाड, दबणारी गॅस्केटं असलेल्या इंजिनांत म्हणूनच गाडी थोडी चालवून झाल्यावर हेड पुन्हा आवळायची पद्धत होती. आजची पातळ पोलादी पत्र्यांच्या थरांची गॅस्केटं फारशी दबत नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पुन्हा आवळायला सांगत नाहीत. आपल्या इंजिनाचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. मिस्त्रीची सवय काय सांगते त्यावर जाऊ नका.

पान्याचा जोर कुठे जातो?

तुम्ही म्हणाल, आम्ही टॉर्क रेंच वापरतो, आकडा बघून आवळतो, मग प्रश्न काय? प्रश्न असा की टॉर्क रेंच फिरवायला लागणारा जोर मोजतो. बोल्टमधला ताण तो मोजत नाही.

आपण लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो. चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे घर्षणात थोडासा बदल झाला तरी ताणात मोठा बदल होतो.

उदाहरण घेऊ. एम-१२ चा, १०.९ दर्जाचा बोल्ट. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर १२५ न्यूटन-मीटरला आवळला तर साधारण ५.३ टन ओढ मिळते. तोच बोल्ट, तोच आकडा, पण आट्यांना आणि डोक्याखाली ऑइल लावलं, तर ओढ सात टनांवर जाते, म्हणजे त्या बोल्टच्या सहनशक्तीच्या अगदी काठावर. आणि आटे गंजलेले, घाणीने भरलेले असतील तर रेंच १२५ वर टक् वाजेल, आपण समाधानाने पुढच्या बोल्टकडे जाऊ, आणि ओढ असेल साडेतीन टन.

एकाच हेडवर, एकाच आकड्याला आवळलेल्या दोन बोल्टांत दुपटीचा फरक! गॅस्केट कुठून फुटणार हे मग वेगळं सांगायला नको.

याहून वाईट गोष्ट म्हणजे बोल्टच्या भोकात तळाशी साचलेलं ऑइल किंवा पाणी. हेड उतरवताना कूलंट त्या बंद भोकांत उतरतं. बोल्ट खाली जातो तसं ते द्रव कोंडलं जातं. द्रव दबत नाही. पान्याला जोर लागतो, रेंच वाजतो, पण बोल्ट हेडला न दाबता त्या पाण्याशी भांडत असतो. बिडाचा ब्लॉक अशाने तडकलेला मी पाहिला आहे. म्हणून हेड बसवण्याआधी प्रत्येक भोक हवेच्या झोताने कोरडं करायचं. डोळ्यांवर चष्मा घालूनच, कारण ते पाणी उलटं तोंडावर येतं.

डोक्यावरचे आकडे

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. आपल्याकडे भारतीय मानक १३६७ यात हा दर्जा ठरवलेला आहे. वाचायचं कसं? पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे हजारला तुटणार, नऊशेला कायमचा ताणला जाणार.

मग १२.९ टाकला की झालं ना मजबूत? इथेच माणसं फसतात.

पोलादाचा दर्जा वाढला तरी त्याचा ताठपणा बदलत नाही. ८.८ असो की १२.९, तेवढ्याच ओढीला दोघेही तेवढेच लांब होतात. म्हणजे जुन्या आकड्याला आवळलेला १२.९ चा बोल्ट हेडला कणभरही जास्त दाबत नाही. जास्त दाब हवा तर जास्त आवळावा लागतो. आणि जास्त आवळलं की तो जोर पुढे कुठे जातो? ब्लॉकच्या आट्यांवर. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बोल्ट शाबूत राहतो आणि ब्लॉकचे आटे उपसून बाहेर येतात. इथले मिस्त्री म्हणतात, "चूड़ी मर गई." बोल्ट दोनशे-चारशे रुपयांत मिळतो. ब्लॉक तेवढ्यात मिळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातले काळे १२.९ चे अ‍ॅलन बोल्ट हेडला लावणारे महाभागही आहेत. त्या बोल्टचं डोकं लहान असतं. ते अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये रुतून बसतं आणि रुतलं की ताण गेला. त्यात ते चकचकीत मुलामा दिलेले असतील तर आणखी धोका. इतक्या कडक पोलादावर मुलाम्याची प्रक्रिया नीट झाली नसेल तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटू शकतो.

गरम झाल्यावर काय होतं?

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभर मिलिमीटर उंचीचं हेड ऐंशी अंशांनी तापलं तर ते ०.१८ मिलिमीटर वाढतं, बोल्ट मात्र ०.१० मिलिमीटरच. उरलेल्या फरकाने बोल्ट आणखी ताणला जातो. मूळचा ताण पाव मिलिमीटरचा, हे लक्षात ठेवून बघा. थंड इंजिनात काठावर आवळलेला बोल्ट गरम इंजिनात काठ ओलांडू शकतो.

गाडी एकदा जोरात तापली, काटा लालमध्ये गेला, तर हेच दुपटीने होतं. हेड फुगतं, बोल्ट त्याला धरून ठेवतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ पडलेलं असतं, ते गॅस्केटवर आणि डोक्याखाली दबतं. इंजिन थंड झालं की हेड आधीपेक्षा बसकं आणि बोल्ट आधीपेक्षा लांब. दोन्हींकडून ताण गेला. वर हेड वाकलेलं. पुढचं गॅस्केट किती दिवस टिकणार?

एकदाच वापरायचे बोल्ट

आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम सहनशक्तीच्या काठापलीकडे किंचित नेतात. आधी थोड्या टॉर्कला आवळायचं, मग "नव्वद अंश, पुन्हा नव्वद अंश" असं कोनात फिरवायचं. कारण सोपं आहे. घर्षण कितीही बदललं तरी एक चतुर्थांश फेरा म्हणजे आट्याच्या अंतराचा चतुर्थांश. १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्याला नव्वद अंश फिरवलं की डोकं ०.३१ मिलिमीटर पुढे जाणारच. टॉर्कमधला घर्षणाचा घोळ इथे बराचसा निघून जातो आणि सगळ्या बोल्टांत जवळजवळ सारखा ताण येतो. मोठ्या चलाख पद्धतीने केलेलं काम आहे हे.

पण याची किंमत आहे. असा बोल्ट थोडासा कायमचा लांबलेला असतो. किती वेळा वापरायचा याची मर्यादा असते. काही इंजिनांत एकदाच. काहींत लांबी मोजून, मर्यादेत असेल तर पुन्हा. दांडीला हात लावून बघा. मध्येच एका जागी कंबर बारीक झालेली जाणवली, किंवा नवा नट आट्यांवर हाताने शेवटपर्यंत जात नसेल, तर तो बोल्ट भंगारात.

"अजून चांगलाच दिसतोय" म्हणून तोच बोल्ट तिसऱ्यांदा लावणं, हे आपल्याकडे गॅस्केट पुन्हा पुन्हा जाण्याचं फार मोठं कारण आहे. पॅकिंग नवं, बोल्ट जुने.

मग स्टडमध्ये काय जास्त?

स्टड ही परदेशातून आलेली नवी वस्तू नाही. शेतातल्या विहिरीवरचं जुनं एका सिलिंडरचं, लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन ज्यांनी उघडलेलं पाहिलंय त्यांना माहीत आहे. ब्लॉकमधून चार दांड्या उभ्या असतात, हेड त्यांवर वरून सरकवायचं आणि नट आवळायचे. ते स्टडच.

बोल्ट आवळताना दांडी एकाच वेळी ताणलीही जाते आणि पिळलीही जाते, शिवाय ब्लॉकचे आटे प्रत्येक वेळी घासले जातात. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवून ठेवलेला असतो. फिरतो तो वरचा नट. दांडीला पीळ कमी, ब्लॉकचे आटे शाबूत, आणि नटाकडचे आटे बारीक असल्याने ताण जास्त नेमका येतो. हेड वारंवार उतरवावं लागणाऱ्या इंजिनांत हा मोठा फायदा. रेसच्या गाड्यांत म्हणूनच स्टड असतात. अमेरिकेतली एआरपी ही कंपनी १९६८ पासून रेसिंगच्या बोल्ट-स्टडसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या चांगल्या स्टडचं पोलाद १२.९ च्याही वरच्या ताकदीचं असतं.

तोटेही आहेत. स्टड उभे असताना हेड सरळ वर उचलावं लागतं. बॉनेटखाली तेवढी जागा नसेल तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. स्टडवर जास्त दाब दिला की सिलिंडरचा गोलपणाही किंचित बदलतो. म्हणून चांगले रेसिंगवाले सिलिंडर बोअर करतानाच वर हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट त्याच स्टडनी आवळतात आणि मग बोअर करतात. आपल्याकडे हे फारसं कुणी करत नाही.

या विषयातलं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत २००३ ते २००७ या काळातल्या फोर्डच्या मोठ्या पिकअपमधलं ६ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. त्यात प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट होते. आधीच्या ७.३ लिटरच्या इंजिनात सहा होते. हेड गॅस्केट जाण्यासाठी ते इंजिन बदनाम झालं आणि स्टड टाकणं हा त्यावरचा सर्वांत प्रसिद्ध उपाय ठरला. पण त्या इंजिनावर वर्षानुवर्षं काम केलेले मिस्त्री नुसते स्टड टाकून थांबत नाहीत. त्याचा ऑइल कूलर आतून चोंदतो, मग पुढच्या कूलरला पाणी कमी पडतं, उष्णता आणि दाब वाढतो आणि गॅस्केट जातं. शिवाय मालकांनी ताकद वाढवायला टर्बोचा दाब वाढवलेला. म्हणून आधी कूलर, मग स्टड. कंपनीने पुढे ६.७ लिटरच्या इंजिनात सिलिंडरभोवती पुन्हा सहा बोल्ट दिले. दाबाची व्यवस्था कमी पडत होती हेही खरं, आणि उष्णतेचं कारण वेगळंच होतं हेही खरं. दोन्ही बघावं लागतं.

अप्पांच्या गाडीत काय निघालं?

आता निशातगंजच्या गल्लीत परत येऊ. आम्ही हेड पूर्ण थंड झाल्यावर, बाहेरच्या बोल्टापासून आत येत, थोडं थोडं सैल करून उतरवलं. गरम हेड घाईने उतरवलं की ते तिथेच वाकतं.

सरळ पट्टी आणि फिलर गेज लावलं. हेड लांबीला ०.१५ मिलिमीटर वाकलेलं. अशा हेडला साधारण ०.०५ पर्यंत चालतं. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळी हेड फेसिंग न करता तसंच बसवलं होतं.

बोल्ट मोजले. दहापैकी चार इतरांपेक्षा लांब, एकाची कंबर बारीक. हे बोल्ट गाडीबरोबर आलेले, आणि आता तिसऱ्यांदा उघडलेले.

दोन भोकांत तळाला तपकिरी चिखल. गंज, ऑइल आणि जुनं कूलंट.

आणि सगळ्यात मोठं निघालं रेडिएटरमध्ये. अप्पा कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरचं साधं पाणी भरत होते. त्याचा थर नळ्यांत बसून जवळजवळ निम्मा रेडिएटर बंद. लखनौच्या मे महिन्यात, एसी लावून, पुलावरच्या गर्दीत ती गाडी तापणारच होती. दर वेळी थोडी थोडी.

मी अप्पांना विचारलं, "या गाडीत स्टड टाकले असते तर काय झालं असतं?" त्यांनीच उत्तर दिलं. "हेड वाकडं ते वाकडंच, आणि गाडी तापायची ती तापलीच असती."

आम्ही हेड फेसिंग करून घेतलं, त्याआधी तडा आहे का ते तपासून घेतलं. ब्लॉकचा माथा तपासला, तो सरळ होता. भोकांचे आटे साफ केले. त्यासाठी नवे आटे कापणारा टॅप चालवला नाही, फक्त साफ करणारा चालवला, कारण कापणारा टॅप चांगल्या आट्यांचंही मांस खातो. बोल्ट नवे, कंपनीचे. रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा, कूलंट योग्य प्रमाणात. पुस्तकात दिलेल्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी कोन मोजून आवळलं. स्टडच्या संचाला लागणार होते त्या पैशांत रेडिएटर आणि बोल्ट दोन्ही आले.

मग त्यांना रिकामी गाडी घेऊन चार दिवस शहरात, दुपारच्या उन्हात फिरायला लावलं. टाकीत बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही, काटा मध्यावर. त्यानंतरच आईला घेऊन निघायला मी हो म्हटलं. पोचल्यावर गावाकडून फोन आला. अप्पांनी आधी आईकडे दिला. गाडीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. रस्त्यात पन्ह्याला कुठे चव होती आणि कुठे नव्हती, तेवढं सांगितलं. गाडीची आठवण न येणं, हीच गाडी नीट झाल्याची खूण.

मग स्टड कधी?

स्टड वाईट आहेत असा अर्थ काढू नका. हे चार प्रसंग बघा.

इंजिनाची ताकद तुम्ही वाढवली असेल, टर्बोचा दाब वाढवला असेल, तर मूळच्या बोल्टचा हिशोब मोडला. तिथे स्टड योग्य.

हेड वारंवार उघडावं लागत असेल, रेस किंवा रॅलीची गाडी असेल, तर ब्लॉकचे आटे वाचवण्यासाठी स्टड योग्य.

ब्लॉकचे आटे आधीच गेले असतील तर पोलादी इन्सर्ट बसवून त्यात स्टड घालणं हा चांगला उपाय. अ‍ॅल्युमिनियममध्ये नीट बसवलेलं इन्सर्ट मूळच्या आट्यांपेक्षाही भक्कम असतं.

त्या विशिष्ट इंजिनात हेडची पकडच कमी पडते हे अनेकांच्या अनुभवातून सिद्ध झालं असेल, आणि गाडी तापण्याची इतर कारणं तुम्ही आधीच दूर केली असतील, तर स्टड योग्य.

टाकायचेच ठरले तर एवढं पाळा. स्टड त्याच इंजिनासाठी बनवलेलेच घ्या, खात्रीच्या ठिकाणाहून, कारण नकली माल भरपूर आहे. ब्लॉकमध्ये हाताने बसवा, पाना लावून तळाला ठोकू नका. स्टडसोबतचे कडक वॉशर आणि स्टडवाल्यानेच सांगितलेलं वंगण वापरा. आवळण्याचा आकडाही त्यांचाच घ्या. कंपनीच्या बोल्टचा आकडा आणि दुसऱ्याचं वंगण असा संगम झाला तर काय होतं, ते वर पाच टन आणि सात टनांच्या हिशोबात पाहिलंच आहे. आणि स्टड टाका किंवा बोल्ट ठेवा, हेड आणि ब्लॉक सरळ असल्याशिवाय काहीही बसवू नका.

आता ते एका वाक्यातलं उत्तर. गॅस्केट गेलं तर आधी ते का गेलं हे शोधा, मग बोल्टकडे बघा. कारण तसंच ठेवून बोल्ट मजबूत केला, तर पुढच्या वेळी त्याच्याहून महाग काहीतरी मोडतं.

तुमच्या भागात हेड बसवताना जुने बोल्ट परत वापरतात का, आणि फेसिंग करून घेतात का, ते मला जरूर कळवा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे असाल तिथून. पुढच्या भागात रेडिएटर आणि कूलंट, कारण अप्पांच्या गाडीची खरी गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. तोवर काट्यावर लक्ष असू द्या. नमस्कार.